वज्जं कमरेवर: गड्ड्याच्या यात्रेतले चार दिवस आणि कॅमेऱ्याची बॅग

१२ जानेवारी, संध्याकाळ

पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं निघाले. खिडकीजवळची जागा मिळाली, पण बॅग वरच्या फळीवर टाकायचा धीर झाला नाही. सोलापूर येईपर्यंत ती मांडीवरच होती आणि दौंड मागे पडलं तेव्हाच पाय जड झाले होते.

निघायच्या आधी घरी सगळं सामान काट्यावर ठेवून पाहिलं होतं. निकॉन डी-५०० ची बॉडी बॅटरीसकट ८६० ग्रॅम. पक्ष्यांसाठीची २००-५०० एमएमची लेन्स २ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे बॉडीच्या अडीचपटीहून जास्त. मिरवणुकीसाठी १६-८०, ती ४८० ग्रॅम. छोटी ५० एमएम १८५ ग्रॅम. हे झाले पावणेचार किलोंच्या थोडे वर. शिवाय पावणेदोन किलोंचा ट्रायपॉड, लिटरभर पाणी, चार्जर, जादा बॅटऱ्या, टॉर्च, आणि रिकामी बॅगच दोन किलोंची. नऊ किलो झाले.

लेन्स घेताना आपण महिनाभर वाचतो, चार जणांना विचारतो, कोणाची तरी मागून दोन दिवस वापरून बघतो. बॅग मात्र उरल्या पैशांत, फोटो बघून घेतो. माझीही अशीच आलेली, एका पट्ट्याची, खांद्यावरून तिरपी घ्यायची. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या खांद्यात कळ आहे. या खेपेला सोलापुरातच, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, बॅगेचा सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच निघाले होते. गर्दी, माळरान, देऊळ, एसटी असं सगळं चार दिवसांत मिळणार होतं. बॅग पारखायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

गाडीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन, यांना १९३१ साली आजच्याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९३० च्या मे महिन्यात, सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. दर खेपेला या गाडीत बसले की ही नावं मनातल्या मनात म्हणते. आज तारखेमुळे जरा थांबून म्हटली.

आत्याचं घर बाळीवेशीत. रात्री कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. आत्यानं बॅग उचलून बघितली आणि खाली ठेवली. "अगं, पोराला कडेवर घेतल्यावर तरी बाजू बदलता येते. ह्याचं काय?"

१३ जानेवारी

आज यण्णीमज्जन, म्हणजे अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक. सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात आणि त्या सगळ्या लिंगांना तेल लावत दिवसभर शहराभोवती फिरतात. त्यांच्यामागे हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत. नुसतं चालायचं म्हटलं तरी सकाळपासून रात्र होते.

पहिला तास बरा गेला. एका पट्ट्याच्या बॅगेचं एक सुख आहे आणि ते मान्य करायलाच हवं. बॅग पोटाशी ओढली, झाकण वर केलं की लेन्स हातात. तीन सेकंद लागतात. "बोला हर्र" असा पुकारा होतो, काठी एकदम ताठ उभी राहते, तेव्हा तीन सेकंदच असतात.

दुसऱ्या तासाला पट्ट्यावरची गादी सरकून पाठीकडे गेली. नुसती नायलॉनची पट्टी मानेच्या कडेला रुतायला लागली. गादी पुढे ओढायची, दहा पावलं चालायचं, परत ओढायची. गर्दीत कोणीतरी बॅगेला अडकून पुढे जायचं आणि मी त्याच्यामागे ओढली जायचे. कळत नकळत डावा खांदा वर उचलून, अंग उजवीकडे टाकून चालत होते. दुपारपर्यंत डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मान आणि खांदा यांच्या मधल्या खोलगट जागेतून हाताकडे जाणाऱ्या नसा जातात. तिथेच पट्टी दाबून बसते. मुंग्या आल्या की समजायचं, हे नुसतं दुखणं राहिलेलं नाही. खांदा बदलला. तासाभरात उजवाही बोलायला लागला.

याच वेळी आतेभाऊ दिसला. तो काठी पेलणाऱ्या सेवेकऱ्यांतला, महिना-दीड महिना आधीपासून रोज रात्री सराव करतो. त्याच्या मागची पाळी संपली होती, घामानं बाराबंदी अंगाला चिकटलेली, श्वास मात्र शांत. मी त्याच्या कमरेकडे बघत राहिले. रुंद पट्टा घट्ट आवळलेला, आणि काठीचा बुडखा टेकायची जागा त्या पट्ट्यातच. दोन मजली घराएवढी उंच काठी तिथे टेकते. एवढ्या वर्षांत मी नंदीध्वजाचे शेकड्यांनी फोटो काढले, सगळे वरचे, आकाशाकडे बघणारे. बुडखा कधी पाहिलाच नव्हता.

"ताई, काठी हातानं पेलत नाहीत," तो म्हणाला. "वज्जं कमरेवर. हात फक्त तोलाला. ज्यानं हातानं धरायचा प्रयत्न केला तो पन्नास पावलांत संपला." मग माझ्या खांद्याकडे बघून, "तुम्ही हे काय करालाव? सगळं वज्जं मानेवर?"

पुढचा तासभर मी फक्त कमरपट्ट्यांचे आणि बुडख्यांचे फोटो काढले. आजच्या दिवसातले तेच सगळ्यात चांगले आहेत.

रात्री आरशात पाहिलं तर मानेच्या कडेला बोटभर रुंदीचा लाल-जांभळा वळ. आत्यानं तव्यावर फडकं गरम करून शेकलं.

१४ जानेवारी

दुपारी अक्षता सोहळा. त्याआधी सकाळी नव्या पेठेत बॅगा बघायला गेले. सोबत नऊ किलोंचं सगळं सामान होतं, कारण रिकामी बॅग प्रत्येकच छान बसते. दुकानात आरशासमोर रिकामी बॅग अडकवून घेतलेला निर्णय हा निर्णयच नाही. "माझं सामान यात भरून वीस मिनिटं दुकानात फिरू का, जिना चढून बघू का?" असं सरळ विचारलं. दुकानदार भला माणूस, त्यानं खुर्ची बाजूला सारून जागा करून दिली.

निघताना आत्याकडून शिवणाची टेप घेतली होती आणि तिच्याचकडून पाठ मोजून घेतली होती. मान पुढे झुकवली की मागे जे ठळक हाड हाताला लागतं तिथून, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. अंगठे मागे ठेवून कमरेवर हात ठेवले की अंगठे जिथे येतात ती रेघ. माझी पाठ ४१ सेंटिमीटर भरली. पाठीची लांबी आणि माणसाची उंची यांचा फार संबंध नसतो. माझ्याहून अर्धा फूट उंच माणसाची पाठ माझ्याएवढी असू शकते.

कॅमेऱ्याच्या म्हणून असलेल्या तीन सॅक पाहिल्या. आतले कप्पे सुरेख, फोम जाड, चेन दणकट. पण कमरेला? दोन बोटं रुंद नुसती पट्टी. ती बॅग हलू नये म्हणून असते, भार घ्यायला नाही. एकीला खरा पट्टा होता, गादीचा, हाताच्या पंज्याएवढा रुंद. पण त्या पट्ट्यापासून खांद्याचे बंद जिथे जोडलेत तिथपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं तर ४८ सेंटिमीटर. म्हणजे माझ्या अंगावर तो पट्टा कमरेच्या हाडांवर न बसता खाली घसरणार, नाहीतर खांद्याचे बंद खांद्यापासून वर तरंगणार. छातीवरची आडवी पट्टीही जिथे यायला नको नेमकी तिथेच येत होती, आणि वरखाली सरकत नव्हती. या बॅगा कोणाच्या अंगाचं माप धरून बेततात ते बायकांना बॅग चढवताक्षणी कळतं. मला याचा मनापासून राग येतो. फोटो काढणाऱ्या बायका आता काही कमी नाहीत.

कोपऱ्यात डोंगरात न्यायच्या सॅक टांगलेल्या होत्या. पस्तीस लिटरची एक काढायला सांगितली. पाठीच्या भागाची उंची वरखाली करता येत होती. माझ्या मापाला आणली, सामान टॉवेलात गुंडाळून आत भरलं. मग क्रम महत्त्वाचा. आधी खांद्याचे बंद सैल सोडायचे, पट्टा कमरेच्या हाडांवर बसवून आवळायचा, त्यानंतर खांद्याचे बंद ओढायचे, पण इतकेच की पाठ सॅकला चिकटावी. खांद्यावरच्या बंदाखाली एक बोट सहज जायला हवं. बोट गेलं. जिना चढले, उतरले, परत चढले. तेच नऊ किलो. खांद्यावर मात्र शाल पांघरल्याएवढाच भार.

पण त्यात कॅमेऱ्याचं काही नव्हतं, नुसती पिशवी. आत गादी नाही, कप्पे नाहीत. सॅक घेतली आणि तशीच घेऊन साखर पेठेत आत्याच्या ओळखीच्या शिंपी मास्तरांकडे गेले. सोलापुरात शिवणयंत्र घरोघर. चादरी-टॉवेल तर आहेतच, पण शाळेचे गणवेश इथून दूरदूर जातात. मास्तर पद्मशाली, घरात तेलुगू, दारात आलेल्याशी मराठी. पूर्वी दप्तरं शिवायचे.

सॅकच्या आत बसेल असं उभं खोकं हवं होतं, फोमचं, मधले पडदे हलवता येतील असं. मी म्हटलं, आतून टर्किश टॉवेलचं कापड लावा, मऊ राहील, शिवाय सोलापूरचं. मास्तरांनी मान हलवली. "नको अक्का. टॉवेलचा धागा सुटतो. तुमच्या काचेवर रोज तूस बसंल." दुसरं कापड काढलं, गुडघ्याच्या पट्ट्याला लावतात ते, ज्याला वेल्क्रो चिकटतो पण ज्याचा धागा निघत नाही. फोम दोन जाडीचे दाबून दाखवले. एक बोटानं दाबला की तळाशी जायचा. दुसरा दाबला की अर्ध्यावर थांबायचा आणि सोडला की लगेच वर यायचा. "मऊ बसायला. हे कडक सामान सांभाळायला." मोठ्या लेन्सला त्यांनी मांडीवर आडवं घेतलं, लांबी मोजली, मग घेर मोजला आणि घेराच्या मापात अर्ध्या बोटाची मोकळीक ठेवली. ती मोकळीक का, हे विचारल्यावर म्हणाले, "गच्च बसली तर काढताना ओढाल, आणि ओढाल तर पडंल."

साडेसहाशे रुपये सांगितले, संध्याकाळी देतो म्हणाले.

अक्षतेला बॅग नेलीच नाही. कॅमेरा गळ्यात तिरपा, १६-८० लावलेली, खिशात एक बॅटरी. संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. तळ्याच्या काठापासून रस्त्यापर्यंत माणसाला माणूस लागलेला. एवढ्या गर्दीत पाठीवरची सॅक म्हणजे मागच्याच्या छातीत कोपर. मंगलाष्टक संपलं आणि लाखो हात एकदम वर गेले. तो क्षण मी दोन फोटोंत घेतला आणि कॅमेरा खाली करून मूठभर अक्षता मीही टाकल्या.

रात्री मास्तरांनी खोकं दिलं. कोपऱ्यांना दुहेरी शिलाई, आणि न सांगता वरच्या कडेला दोन उभे बंद, बोटं घालून अख्खं खोकं सॅकमधून वर काढता यावं म्हणून. देवळात, घरात, एसटीत सॅक बाहेर ठेवून नुसतं खोकं हातात घेता येतं. हे मला सुचलं नव्हतं.

१५ जानेवारी

नान्नज. बार्शी रस्त्यावरचं माळढोक अभयारण्य, १९७९ साली झालेलं. पहाटे जीपनं निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती.

सॅक कशी भरायची ते रात्रीच ठरवलं होतं. सगळ्यात जड वस्तू, म्हणजे मोठी लेन्स, पाठीला चिकटून, पाठीच्या मध्यावर. तिच्या बाहेरच्या अंगाला हलकं सामान. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस नकळत पुढे वाकून चालतो. ट्रायपॉड एका कुशीला, तर पाण्याची बाटली दुसऱ्या कुशीला.

माळावर उतरलो. गवत गुडघ्याएवढं, वाळून पिवळं झालेलं, त्यावर तिरपं ऊन. चंडोल सरळ वर उडत, गात, दगडासारखे खाली येत होते. एक भोवत्या, हा शिकारी पक्षी, गवताच्या शेंड्यांना पंख लागतील इतक्या खालून तरंगत गेला. मग काळविटांचा कळप, शंभरेक मीटरवर, दोन गडद नर आणि दहा-बारा माद्या. वारा आमच्याकडे होता. सॅक हळूच उतरवली, गुडघ्यावर बसले, लेन्स काढायला खोक्यातला पडदा सोडवला.

चर्रर्र.

सगळ्या माना एकदम वर. दुसऱ्या क्षणी कळप उड्या मारत बांधापलीकडे. वनरक्षक काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं ते पुरेसं होतं. शहरात वेल्क्रोचा आवाज कानाला जाणवतही नाही. शांत माळावर तो फटाक्यासारखा वाजतो. जंगलात नेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगते, बॅग घेताना दुकानात डोळे मिटून ती उघडा आणि बंद करा. तिचा आवाज ऐका. त्या जागी मी पडद्याच्या वेल्क्रोवर रुमालाची घडी घातली, म्हणजे चिकटणारच नाही. पुढचा सबंध दिवस लेन्स आवाज न करता निघाली. मात्र वरून तोंड असलेल्या सॅकमधून ती काढायला बारा-तेरा सेकंद लागतात, हे मोजून पाहिलं. म्हणून माळावर चालताना मोठी लेन्स लावलेला कॅमेरा हातातच ठेवला आणि सॅकमध्ये बाकीचं. डी-५०० चा सेन्सर लहान, त्यामुळे ५०० एमएम लेन्सचा आवाका ७५० सारखा मिळतो. कळपाच्या मागे धावायची गरजच नसते, बसून राहायचं असतं.

बसायला आत्यानं जुनी सोलापुरी चादर दिली होती. चौघडी करून खाली घातली, वर सॅक ठेवली. तरीही संध्याकाळी पाहिलं तर सॅकच्या पाठीकडच्या जाळीत कुसळं घुसलेली. कुसळाचं टोक आत शिरतं, शेपूट पीळ घेत राहतं, ओढलं की टोक आत मोडतं. आत्या आणि मी चिमटा घेऊन तासभर बसलो. गवताळ भागात जायचं असेल तर पाठीला जाळीऐवजी गुळगुळीत कापड असलेली सॅक बघावी. ही अडचण मला विकत घेताना लक्षात आली नाही, आणि उन्हाळ्यात हीच जाळी घाम सुकवील, त्यामुळे बदलायचा विचार नाही.

माळढोक दिसला नाही. ज्याच्या नावानं हे अभयारण्य झालं तो आता इथे अगदी क्वचित दिसतो. मचाणावरून दुर्बिणीनं दोन तास पाहिलं. वनरक्षक दूरच्या एका बांधाकडे बोट करून म्हणाले, पूर्वी तिथे नर नाचायचा. त्या रिकाम्या बांधाचा एक फोटो काढला.

दिवसभरात सात-आठ किलोमीटर चालणं झालं असेल. रात्री खांदा तपासला. वळ परवाचाच होता, नवा नव्हता. कमरेच्या हाडांवर थोडी लाली होती, ती झोपेपर्यंत गेली.

१६ जानेवारी

सकाळी हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना यांचा संगम. निम्मा रस्ता एसटीनं. सॅक पायांजवळ ठेवली, पण खोकं काढून मांडीवर घेतलं. पत्र्याच्या थरथरीनं लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात, आणि मांडीइतका चांगला फोम नाही. मास्तरांचे दोन बंद इथे पहिल्यांदा कामी आले.

संगमेश्वराच्या देवळात दगडी तुळईवरचा मराठी शिलालेख पाहायचा होता. शके ९४०, म्हणजे सन १०१८. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. "वाछि तो विजेया होइवा", जो वाचेल तो विजयी होईल. आवारातलं शेकडो मुखांचं शिवलिंगही थक्क करणारं आहे, पण मी आले होते अक्षरांसाठी.

देवळाच्या दाराशी एका आजोबांनी सॅककडे बघून विचारलं, "चामड्याचं काय हाय का?" नाही म्हटलं. जुन्या चामडी बॅगा दिसायला कितीही देखण्या असल्या, तरी आपल्याकडे देवळांचे फोटो काढणाऱ्यानं त्या घेऊ नयेत. दर दाराशी बाहेर ठेवायची वेळ येते. सॅक ओट्यावर ठेवली, आजोबा शेजारी बसले, मी खोकं घेऊन आत गेले.

घासलेली अक्षरं समोरून उजेड टाकला की दिसतच नाहीत. टॉर्च अगदी कडेला, दगडाला जवळजवळ टेकवून धरला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ओळ उठून येते. ५० एमएम लावली. हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी बसवायची ऊन अडवणारी कडी, काढून ठेवायला मोठी लेन्स जरा बाजूला केली, तर तिच्या उलट्या बसवलेल्या हुडच्या खोबणीत काहीतरी अडकलेलं दिसलं. परवाच्या अक्षतेचा एक दाणा. केसांतून पडला असेल नाहीतर बाहीतून. नान्नजला सबंध दिवस तो माझ्याबरोबर माळावर फिरून आला होता.

तो काढून देवापुढे ठेवला, टॉर्च कडेला धरला आणि ओळ वाचायला सुरुवात केली.